वातीवरची काजळी

इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये इलेक्ट्रॉनिक काय असायचं ते असो, तिच्या पोटात शेवटी एक वात असते. बॅटरी, चिप, इवल्या पडद्यावरचे वॅटचे आकडे हा सगळा त्या वातीचा लवाजमा. बोटाच्या पेराएवढा कापूस, त्याच्याभोवती पाच-सहा वेढे घेतलेली तार, आणि कापसानं शोषून आणलेला रस. तार तापते, रसाची वाफ होते, माणूस ती ओढतो. वात बिघडली की हजारोंचं यंत्र हातात असूनही तोंडात फक्त करपट चव येते.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कापसाच्या घरातला. बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये नोकरीला आहे. सिगारेट कॉलेजात लागली आणि इथे आल्यावर थंडीनं ती आणखी घट्ट केली. ती सुटली व्हेपमुळे, म्हणजे याच इलेक्ट्रॉनिक सिगारेटमुळे. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं म्हणणं असं, की व्हेप सिगारेटपेक्षा बराच कमी घातक, पण निरुपद्रवी नव्हे. आणि जो सिगारेट ओढतच नाही त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. मला ते पटतं. भारतानं नेमकी उलटी वाट धरली. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा झाला आणि उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद. त्यामुळे गावी जाताना हे सामान इथेच कपाटात राहतं. आईच्या दृष्टीनं हा सगळा फरक कागदावरचा. व्हिडिओ कॉलवर एकदा तिनं ते पांढरं धुकं पाहिलं आणि शेजारी बसलेल्या दादाला म्हणाली, "पाय बाप्पा, तोंडातून धूर काढतं अन् म्हणतं सोडली!"

धूर आणि वाफ यांतला फरक मी तिला समजावत बसलो नाही. पण या लेखासाठी तो महत्त्वाचा आहे, कारण सगळी मेख वातीत आहे. रसात मुख्यतः दोन द्रव असतात: प्रोपिलीन ग्लायकॉल, जो १८८ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि वनस्पती तेलांपासून काढलेलं ग्लिसरीन, जे २९० अंशांना उकळतं. त्यात चव आणि निकोटिन. कापूस ओला आहे तोवर तारेची उष्णता हा द्रव उकळण्यात खर्च होते आणि तापमान त्याच्या आसपास अडून राहतं. द्रव कमी पडला की अडवणारं कुणी उरत नाही. तार भराभर तापते, कापूस करपतो, ग्लिसरीन फुटून अक्रोलिनसारखी झोंबरी द्रव्यं निघतात. याला सगळे 'ड्राय हिट' म्हणतात. ज्याला एकदा बसली तो दुसऱ्यांदा मुद्दाम घेत नाही. घसा आठवण ठेवतो. समईतलं तेल संपत आलं की वातीचं टोक तडतडतं आणि जळका वास सुटतो, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे वातीला नाक नाही, तोंड लावलेलं असतं.

आजच्या रूपातली ई-सिगारेट २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं बनवली. तो स्वतः दांडगा सिगारेटबाज. त्याच्या पहिल्या यंत्रात वाफ करण्यासाठी श्राव्यातीत कंपनांचा वापर होता. तापणारी तार आणि वात यांनी नंतर बाजी मारली. वातीचेही बरेच अवतार झाले. आधी सिलिका, म्हणजे काचेच्या जातीचा धागा, जो जळत नाही पण रसही आळसानं ओढतो. मग स्टीलची बारीक जाळी गुंडाळून केलेली वात, जी वाकडी बसली तर तारेशी शॉर्ट व्हायची. शेवटी लोक कापसाकडे वळले. इतकी भटकंती करून माणसं कापसाशीच आली याचं मला, पऱ्हाटीच्या वावरात वाढलेल्याला, विनाकारण बरं वाटतं.

माझ्याकडे आहे तो ड्रिपर. त्यात टाकी नसते. नाण्याएवढ्या धातूच्या डेकवर दोन-चार स्क्रू, त्यांत आवळलेली कॉइल, म्हणजे ती वेढे घेतलेली तार, आणि वर टोपण. रस थेंबाथेंबानं वरून टाकायचा. टाकी नसल्यामुळे सगळं उघडं असतं. टोपण काढलं की वात समोर.

आणि ती काळी पडलेली असते. आठवड्याभरातच मधला भाग, जिथे तार कापसाला मिठी मारते, तिथे आधी मधासारखा, मग काकवीसारखा, मग डांबरासारखा रंग चढतो. तारेवर खरखरीत खपली धरते. चिमट्यानं कापसाचं एक शेपूट धरून ओढलं तर सुरुवातीला तो बाहेर येतच नाही; खपलीत चिकटून बसलेला असतो. जोर केला तर कॉइल वाकडी होते. त्याला थोडा रस पाजायचा, हलकेच पिळ द्यायचा आणि मग ओढायचा.

हे काळं कुठून येतं? बहुतेकांना वाटतं निकोटिनचं. निकोटिन रसात इतकं कमी असतं की त्याच्या डोक्यावर हा सगळा डाग घालणं अन्यायाचं आहे. खरा कर्ता गोडवा. बाजारातल्या आंबा-पुडिंग, स्ट्रॉबेरी-कस्टर्ड छाप रसांत सुक्रालोज असतं. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून तिथे क्लोरीनचे अणू बसवले की ते तयार होतं. साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड. ते बाकीच्या द्रवाबरोबर नीट वाफ होऊन जात नाही, तारेवर राहतं, तिथेच फुटतं आणि काजळी होऊन बसतं. सुक्रालोज नसलेला साधा पुदिन्याचा रस वापरला तर तीच वात दुप्पट-तिप्पट टिकते आणि काढताना फिकट तपकिरी निघते. हा प्रयोग कुणीही करून पाहावा. दोन वाती शेजारी शेजारी कागदावर ठेवल्या की रसाच्या बाटलीवर कंपनीनं न छापलेली माहिती मिळते.

मला या सगळ्या उद्योगात धरून ठेवलं ते याच गोष्टीनं. सिगारेट ओढत होतो तेव्हा फुप्फुसात काय जातंय ते कधीच दिसत नव्हतं. पाकिटावरचं भेसूर चित्र दिसायचं, पण ते कुणा दुसऱ्याचं. वात मात्र माझीच. रात्री जागून काम केलं असेल तर ती दोन दिवस आधीच काळवंडते. सुट्टीवर गेलो आणि हात आवरला तर तेही तिच्यावर दिसतं. मी किती ओढतो हे मी कुणालाही खोटं सांगू शकतो, बायकोला तर नेहमीच सांगतो. वातीपुढे ते चालत नाही.

आता सफाई. कापूस काढून टाकला, स्क्रू पक्के आहेत हे पाहिलं, की कॉइलला वॅट कमी ठेवून छोटे छोटे झटके द्यायचे. बटण दाबा, सोडा. खपली धुरकटते, लाल ठिणग्या दिसतात, आणि काळ्याची राखाडी राख होते. हा 'ड्राय बर्न'. एका दमात लालभडक करण्याची घाई करणारे पुष्कळ आहेत. ते व्हिडिओत छान दिसतं, तारेला सोसत नाही. पूर्ण गार झाल्यावर बारीक ब्रशनं राख झाडायची, डेक नळाखाली धरायचा, पाणी टिपून वाळवायचा. गरम तारेवर पाणी ओतून चर्र आवाज काढणारेही आहेत. त्या आवाजात मजा आहे हे मान्य, पण त्यानं तार ठिसूळ होते असं माझं मत.

स्वच्छ झालेली कॉइल पुन्हा हलकेच पेटवून पाहायची ती वेगळ्या कारणासाठी. तांबूस रंग मधल्या वेढ्यापासून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे सारखा पसरला पाहिजे. एखादाच वेढा आधी तापत असेल तर तिथे कापूस पुढे करपणार. मग सिरॅमिकच्या चिमट्यानं वेढ्यांवरून हलकेच खरवडायचं, थोडं दाबायचं, परत पाहायचं. सिरॅमिकचा चिमटा एवढ्यासाठी, की त्यातून वीज जात नाही.

इथे तारेच्या जातीला महत्त्व आहे आणि यात हयगय नको. मी कॅन्थल वापरतो. लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्त्सोव्ह यांनी भट्ट्यांसाठी बनवला. तापला की त्याच्या अंगावर अॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. निक्रोमही चालतं, निकेल आणि क्रोमियमची ती तार घरातल्या टोस्टरमध्येही असते. पण शुद्ध निकेल किंवा टायटॅनियमची तार असेल तर ती कोरडी लाल करायचीच नाही. काही लोक कॅन्थलबद्दलही सावध असतात. ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस हे व्हेपिंगचे विरोधक मुळीच नव्हेत, पण तार लाल करून जाळण्याबद्दल त्यांनीच इशारा दिला होता: अशा तापमानाला धातूची घडण बदलू शकते, आणि नंतर त्यावरून येणारी वाफ आपण ओढतो. मी त्यावर तोडगा असा काढला की एक कॉइल एक-दोनदाच साफ करायची, मग सरळ नवी. २६ गेजची तार (गेज म्हणजे जाडीचा आकडा; आकडा मोठा तशी तार बारीक) मीटरच्या भावात मिळते, एका कॉइलला सात-आठ सेंटिमीटर लागते. तीन मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे घेतले की रोध ०.८ ओहमच्या आसपास भरतो. शाळेत ओहमचा नियम पाठ केला होता, त्याचा उपयोग वयाच्या चाळिशीत असा झाला. जे लोक ०.१ ओहमच्या कॉइली करून खोलीभर ढग काढण्याच्या शर्यती लावतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. बॅटरीवर इतका प्रवाह मागायचा आणि ती तापली की कंपनीच्या नावानं बोटं मोडायची.

आता कापूस. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

इथल्या दुकानात व्हेपसाठीचा कापूस दहा ग्रॅमच्या पिशवीत चार-पाच पौंडांना मिळतो. सेंद्रिय, लांब धाग्याचा, विंचरून एका दिशेनं लावलेला. दादाला सहज बोलता बोलता सांगितलं. त्यानं मनातल्या मनात गुणाकार केला, मग फोनवर, आणि म्हणाला, "किलोले चाळीस हजाराच्या वर? अबे, मंग आपला काहून नाही चालत?" त्याच्या प्रश्नात थट्टा होती आणि नव्हतीही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. किलोला पंच्याहत्तर. त्यातही हा भाव सरकीसकट कापसाचा. जिनिंगमधून निघणारी रुई वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश. मधल्या पायऱ्या, मजुरी, धुलाई, पाकीट, दुकानाचं भाडं सगळं धरलं तरी पंच्याहत्तरापासून चाळीस हजारांपर्यंतची चढण कुणालाही दम लागेल अशीच आहे.

पण दादाच्या प्रश्नाचं सरळ उत्तरही आहे आणि ते भावात नाही, मेणात आहे. बोंडातून निघालेल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो, वजनाच्या एखाद्या टक्क्याइतका किंवा त्याहून कमी, सोबत पेक्टिन. आई घरच्या कापसाची सरकी काढते, तो पिंजते, दुधाचं बोट लावून वाती वळते. त्या वातीतलाच थोडा कापूस पाण्याच्या पेल्यात टाकून बघ, असं मी दादाला सांगितलं. तो तरंगत राहिला. दाबून बुडवला तरी वर आला. मग तोच कापूस गोडेतेलात टाकायला लावला. बघता बघता पिऊन बसला.

मेणाला तेल आपलं वाटतं आणि पाणी परकं. म्हणून समईत शेतातला कच्चा कापूस अगदी चोख काम करतो. धुतला नाही, उकळला नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल मात्र पाण्याच्या गोत्रातले आहेत, पाण्यात सहज मिसळणारे. कच्च्या कापसाची वात त्यांना उंबऱ्यावरच थांबवते. त्यासाठी तो कापूस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून मेण काढावं लागतं. औषधाच्या दुकानात मिळणारा कापूस असाच शोषक केलेला असतो आणि त्याची परीक्षाही साधी: ठरावीक वजनाचा कापूस पाण्यावर सोडायचा, दहा सेकंदांच्या आत तो बुडाला पाहिजे. औषधकोशांत ही कसोटी लिहून ठेवलेली आहे.

दादानं यावर दोन दिवस काहीतरी खटपट केली. धुण्याच्या सोड्यात रुई उकळली, वाळवली, परत पाण्यात टाकली. बुडाली म्हणे, पण सावकाश. मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "तुले पाठवू का?" नको म्हटलं. फवारणीच्या हंगामात त्याच वावरात मी वाढलो आहे. पानांवर काय काय पडतं ते मला माहीत आहे. उकळून त्यातलं किती जातं, किती उरतं याची खात्री नसताना ते तापवून छातीत ओढायचं नाही. आईनं मात्र ती उकळलेली रुई वातींना वापरून पाहिली आणि नापास केली. तंतू मोकळे होतात, पीळ धरत नाहीत, असं तिचं म्हणणं. मेण गेलं की तंतूचा एकमेकांना धरण्याचा गुणही बदलतो, त्यामुळे ती बरोबर असणार.

वात भरण्याची कला शब्दांत सांगणं कठीण आहे. माझ्या मते ती शिकवताही येत नाही, बोटांना आपोआप कळते. पट्टी कापायची, टोकाला पीळ देऊन सुईसारखी करायची आणि कॉइलच्या पोटातून ओढायची. जाताना ती किंचित अडली पाहिजे, पण वेढे हलता कामा नयेत. सैल राहिली तर तारेला सगळीकडून टेकत नाही आणि कोरड्या जागा जळतात. ठासून भरली तर तंतूंमधली फट बुजते, मग रस चढायला वाट राहत नाही. वात रस ओढते ती या फटींच्या जोरावर. नवशिके कापूस जास्त घालतात. कंजूषपणा वाईट असं घरात शिकलेलो असतो, त्याचा हा तोटा. दोन्ही शेपटं डेकच्या काठापर्यंत कापायची, चिमट्यानं विंचरून थोडी विरळ करायची आणि खालच्या खोबणीत नुसती टेकवायची, कोंबायची नाहीत. मग थेंब थेंब रस, कॉइलवर, शेपटांवर, पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत. दोन मिनिटं थांबायचं. सिगारेटच्या काळात मला दोन मिनिटं थांबणं जमत नव्हतं. लायटर न पेटल्यास मी चुलीवर वाकणारा माणूस.

हा खटाटोप आता फार थोडे लोक करतात. दुकानाच्या मोठ्या फळीवर सीलबंद पॉड असतात, म्हणजे रस, कॉइल आणि वात आत असलेल्या छोट्या डब्या. कॉइल संपली की अख्खा पॉड टाका, नवा लावा. त्याआधी काही वर्षं तर बॅटरीसकट फेकून द्यायच्या रंगीत कांड्यांनी धुमाकूळ घातला होता. मटेरियल फोकस या संस्थेनं २०२३ मध्ये अंदाज दिला होता की ब्रिटनमध्ये आठवड्याला जवळजवळ ५० लाख डिस्पोजेबल व्हेप फेकले जातात. प्रत्येकात एक लिथियमची बॅटरी. १ जून २०२५ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली, ती योग्यच. पण कंपन्यांनी त्याच कांडीला चार्जिंगचं भोक आणि बदलता पॉड लावून परत फळीवर मांडलं. आत वात आहेच, कापूसही बहुधा आहेच, फक्त तो कुणी पाहू शकत नाही. आत्यंतिक गोड रस, कडक निकोटिन आणि काळी पडणारी वात प्लास्टिकच्या आड. चव बिघडली की टाकून द्यायचं, म्हणजे काजळी कधी नजरेस पडतच नाही. शाळकरी पोरांच्या हातात या कांड्या इतक्या सहज रुळल्या त्यामागे रंग आणि चवी आहेतच. पण माझा संशय या झाकलेपणावरही आहे. माझ्या डेकवरची आठवड्याची खपली एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला दाखवली तर व्याख्यानापेक्षा जास्त काम होईल असं मला वाटतं. मित्राच्या मुलाला दाखवलीही. तो "ई!" म्हणाला आणि लगेच विचारलं, "काका, ही तार लाल कशी करता?" तेव्हा माझ्या या सिद्धान्तावर फार विसंबू नये.

माझ्या निकोटिनचा आकडा मात्र खाली आला आहे. बारावरून सहा, सहावरून तीन मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. इथे पन्नास मिलिलिटर बिननिकोटिनचा रस मिळतो, त्यात दहा मिलिलिटरची अठरा मिलिग्रॅमवाली कुपी ओतली की साठ मिलिलिटर होतात आणि ताकद तीनवर येते. ड्रिपरला रस जास्त लागतो, निकोटिन कमी लागतं. नेमकं हेच आता महागात पडणार आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये व्हेपच्या रसावर दर दहा मिलिलिटरला २.२० पौंड कर ठरला आहे, निकोटिन असो वा नसो. हिशोब करून पाहिला. माझ्या साठ मिलिलिटरमध्ये एकूण १८० मिलिग्रॅम निकोटिन, कर १३.२० पौंड. कायद्यानं चालणारी सगळ्यात कडक, वीस मिलिग्रॅमची दहा मिलिलिटरची बाटली घेतली तर त्यात २०० मिलिग्रॅम निकोटिन, कर २.२० पौंड. म्हणजे जो हळूहळू पातळ करत खाली उतरतोय त्यानं सहापट भरायचे. करामागचा हेतू पोरांना दूर ठेवण्याचा असेलही, पण ज्यानं कोणी मिलिलिटरवर कर बसवला त्यानं एकदा डेक उघडून पाहिला असता तर बरं झालं असतं.

तोवर मी तयारी चालवली आहे. २८ गेजची तार मागवली आहे, अडीच मिलिमीटरच्या दांडीवर एकच कॉइल, कापूस निम्मा, रस निम्म्याहून कमी. दोन कॉइलींचा जुना डेक घासून पुसून विकायला काढलाय. अजून कुणी भाव विचारलेला नाही.